पावसाळाभर उभी राहिलेली जुनी मोटरसायकल: पहिली किक मारण्याआधी

कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीत लावलेली गाडी गणपतीला, नाहीतर थेट दसऱ्याला बाहेर निघते. तोवर तीनएक हजार मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला असतो. गाडीवर एकही थेंब पडलेला नसला तरी हवेतली ओल सगळीकडे शिरते: टाकीत, सायलेन्सरमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थेट सिलिंडरमध्ये. मालक मुंबईहून येतो, बॅग टेकवतो, चहा घेतो आणि पडवीत जाऊन दणादण किक मारायला लागतो. गाडीचं खरं नुकसान इथे होतं. चार महिने उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निथळून गेलेलं असतं, तिथे गंजाचा बारीक थर धरलेला असतो, आणि पिस्टनच्या कोरड्या रिंगा त्यावरून घासल्या की ओरखडे कायमचे राहतात. शिवाय टाकीतला गाळ त्याच किकेबरोबर कार्ब्युरेटरमध्ये उतरतो.

म्हणून एक संध्याकाळ आणि दुसरा अर्धा दिवस हाताशी ठेवा. उदाहरणासाठी मी जुनी हीरो होंडा स्प्लेंडर घेतली आहे, ९७.२ सीसीची, १९९४ साली आलेली. गावागावात तीच जास्त आहे आणि नवशिक्याला शिकायला तिच्याइतकी सरळ गाडी दुसरी नाही. आरएक्स १०० आणि जुनी बुलेट जिथे वेगळ्या वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

सामान फार लागत नाही: पान्यांचा एक सेट, प्लगपाना, चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, ऑइलची डबी, कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे, पॉलिश पेपर, टॉर्च, काचेची स्वच्छ बरणी आणि भरपूर सुती फडकी. नवीन प्लग, एक लिटर इंजिन ऑइल आणि पेट्रोलच्या नळीचा अर्धा मीटर तुकडा शहरातूनच घेऊन जा. सणाच्या दिवसांत तालुक्याचं दुकान बंद असतं.

आदल्या संध्याकाळी

गाडी डबल स्टँडवर उजेडात घ्या आणि आधी नुसती बघा. कव्हर म्हणून ताडपत्री घट्ट गुंडाळलेली असेल तर तिच्याखाली उघड्या गाडीपेक्षा जास्त गंज सापडेल, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडतच नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का बघा. सीटखालची वायर, प्लगची वायर आणि हेडलाइटच्या आतला गुंता ही त्यांची आवडती ठिकाणं. सीट काढली की घरटंही सापडतं.

मग कुंभारीण माशी. ही मातीची घरं बांधणारी माशी गाडीतलं एकही भोक सोडत नाही. सायलेन्सरच्या तोंडात, एअर फिल्टरच्या हवा घ्यायच्या वाटेत, हँडलच्या टोकाला आणि टाकीच्या झाकणातल्या श्वासाच्या भोकातसुद्धा तिची माती असते. शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं. ते भोक बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं आणि गाडी दोन-तीन किलोमीटर मजेत चालून बंद पडते. झाकण काढून फुंकर मारून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा आणि माती दिसली तर वाकड्या तारेने बाहेर ओढा. आत ढकलू नका.

आता बॅटरी काढा. आधी काळी वायर, मग लाल; लावताना उलट क्रम. स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची, म्हणजे अगदी छोटी. मल्टिमीटर लावला तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उतरलेली. ११ च्या खाली असेल तर बहुधा आतल्या प्लेटा कामातून गेल्या. पाण्याची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चालत नाही. चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या भागाने करायचं, म्हणजे पाव अँपिअरने रात्रभर. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायचा मोठा चार्जर हिला लावलात तर ती उकळून जाईल. जुन्या स्प्लेंडरचं इग्निशन मॅग्नेटोवर चालतं, त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी किकने सुरू होते. अडतं ते हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकच्या दिव्याचं. बॅटरी नाही म्हणून काम थांबवू नका, पण त्या अवस्थेत हायवेवरही जाऊ नका.

संध्याकाळचं शेवटचं काम प्लगचं. प्लगच्या भोवती साचलेली धूळ आधी ब्रशने झटकून घ्या, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, भोकावर स्वच्छ फडकं ठेवा आणि झोपायला जा. रात्रभरात ऑइल रिंगांपर्यंत झिरपतं.

सकाळी: इंजिन फिरतंय का

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं चाक हाताने फिरवा. इथेच चाक अडलं तर दोष इंजिनाचा नाही, ब्रेकचा आहे; त्याकडे पुढे येऊ. चाक मोकळं फिरत असेल तर टॉपचा गिअर टाका आणि प्लग काढलेलाच ठेवून चाक सावकाश पुढच्या दिशेने फिरवा. चाकाबरोबर पिस्टन वरखाली होतो आणि प्लगच्या भोकातून हवा फुसफुसते. तळहात भोकाजवळ धरला तर ती जाणवते. चार-पाच फेऱ्यांत हाताला खरखर लागायची थांबली पाहिजे.

अजिबात हललं नाही तर इंजिन जाम आहे. जोर करू नका, किकवर उभे राहू नका. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून भोकातून भरा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि अधूनमधून चाक पुढेमागे हलकं डोलवून बघा. बऱ्याच वेळा सुटतं. नाही सुटलं तर हेड उघडावं लागेल, आणि ते काम मिस्त्रीचं.

बुलेटमध्ये इथे एक वेगळी गोष्ट घडते. जुन्या कास्ट आयर्नच्या इंजिनात ऑइलची टाकी आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, वेगवेगळे असतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ऑइल पंपातून निथळून क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच सुरू केलं तर किक जड जाते आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट निघतो. लोक घाबरून रिंगा बदलतात. आधी क्रँककेसचं ऑइल खालच्या बोल्टातून काढून घ्या.

ऑइल आणि पेट्रोल

खालचा ड्रेन बोल्ट उघडून जुनं ऑइल पातेल्यात काढा. काळं असेल तर ठीक, दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. तसं असेल तर नवीन ऑइल घालून थोडं चालवून ते पुन्हा बदला. डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलंच ऑइल घ्या. मोटारीच्या ऑइलने क्लच प्लेटा घसरतात, कारण या इंजिनात क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. साधारण ९०० मिली लागतं. डिपस्टिकवर खात्री करा. बोल्ट घट्ट करताना हात आवरता घ्या. अॅल्युमिनियमचे आटे गेले की दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

आता पेट्रोल. हे काम अंगणात, चुलीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब. विडी ओढणाऱ्या शेजाऱ्यालाही लांब ठेवा. नळी काढून सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत उतरवा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता ते सर्वत्र मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. पेट्रोलच्या कॉकची नळी टाकीच्या तळाशी असते, म्हणजे इंजिनाला आधी तेच पाणी मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. म्हणून नळी बोटाने दाबून बघू नका, सरळ बदलून टाका.

वासावरूनही कळतं. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो, शिळ्याचा वॉर्निशसारखा जड येतो. शिळं पेट्रोल विहिरीच्या किंवा शेताच्या आसपास ओतू नका. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याला सुटे भाग धुवायला चालतं.

रिकाम्या टाकीत टॉर्चने बघा. काडी किंवा लायटर कधीच नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. तळाला नुसती तांबूस झाक असेल तर थोडं ताजं पेट्रोल घालून खळखळून ओतून टाका. पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवा, कॉक काढून भोक बंद करा, व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. मग पाण्याने धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून, उन्हात पूर्ण सुकवा आणि लगेच आत थोडं ऑइल फिरवा. सुकलेली उघडी टाकी एका रात्रीत पुन्हा गंजते. कॉकच्या तळाशी वाटी असेल तर तीही उघडून साफ करा.

कार्ब्युरेटर

उभ्या राहिलेल्या गाडीचा निम्म्याहून जास्त त्रास इथे असतो, आणि नवशिक्याला भीतीही याचीच वाटते. खरं तर शांतपणे केलं तर तासाभराचं काम आहे.

खालच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल चार महिन्यांत उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर सोडतं. वाटीचे स्क्रू सोडवताना स्क्रू ड्रायव्हर दाबून धरून फिरवा, कारण त्यांची डोकी लगेच गोल होतात. वाटी उघडली की दोन पितळी जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेले तुकडे, दिसतात. मोठा मेन जेट, आणि खोलवर बसलेला बारीक स्लो जेट. स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की ते उजेडासमोर धरून डोळ्याला लावूनच कळतं. पलीकडचा उजेड एक स्वच्छ गोल ठिपका होऊन दिसला पाहिजे. ठिपका अर्धा किंवा धूसर दिसला तर अजून घाण आहे. क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, फुंका, पुन्हा बघा. तरी सुटलं नाही तर इस्त्रीच्या जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन हलक्या हाताने फिरवा. सुई किंवा पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पिते.

क्लीनर मारण्याआधी रबरी भाग आणि फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) काढून ठेवा. बाजूचा हवेचा स्क्रू काढायचा असेल तर आधी आत फिरवत किती फेरे गेले ते मोजून कागदावर लिहा, आणि बसवताना तेवढेच फेरे बाहेर काढा. नंतर ट्यूनिंग करताना तो आकडा लागतो. फ्लोटखालच्या सुईच्या टोकावर रेघ पडलेली असेल तर सुई बदला, नाहीतर पेट्रोल वाहत राहील. काढताना प्रत्येक पायरीवर मोबाइलवर फोटो घेत जा.

एअर फिल्टर याच वेळी बघा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळा, सुकवा आणि दोन-चार थेंब ऑइल चोळून बसवा. कागदाचा असेल आणि ओल लागून फुगला असेल तर बदला.

आरएक्स १०० वाल्यांनी इथे थांबायचं. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने मिळतं. उभ्या गाडीत त्या बारीक नळीत हवा अडकते, आणि मग इंजिन सुरू तर होतं पण कोरडं चालतं. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं. टाकीत भरायच्या पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे २५ मिली टू-टी ऑइल मिसळा. धूर जास्त होईल, होऊ द्या.

करंट

नवीन प्लग घ्या आणि गॅप बघा, ०.६ ते ०.७ मिमी. प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब धरा, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. चावी चालू करून हाताने किक दाबा. निळसर, टचटच आवाज करणारा करंट हवा. पिवळा, रोड करंट आला तर प्लगची टोपी काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. ओल तिथेच धरते. काहीच आलं नाही तर चावीच्या आणि किल स्विचच्या वायरी तपासा. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये पॉइंटवर काळपट थर येतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, कागदाची पट्टी ओढून पुसा आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा.

सुरू करणं

गाडी पडवीतून बाहेर काढा. बंद जागेत सायलेन्सरचा धूर जिवावर बेततो. टाकीत दोन लिटर ताजं पेट्रोल, कॉक ऑन. एक मिनिट थांबून कार्ब्युरेटरखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर फ्लोटची सुई पाहा. प्लग जागेवर बसवा. चावी बंद ठेवून दहा-बारा किका सावकाश मारा, म्हणजे नवं ऑइल वर चढेल. मग चोक ओढा, चावी चालू करा, ॲक्सिलरेटर न पिळता किक मारा.

पाच-सहा किकांत सुरू झाली नाही तर प्लग काढून बघा. निदान तिथून सुरू होतं. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: कॉक, नळी, जेट. प्लग पेट्रोलने ओला असेल तर करंट नाही किंवा गाडी ओव्हर झाली: चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून, प्लग नसताना किका मारून आतलं पेट्रोल उडवा, प्लग पुसून बसवा. प्लग ओला, करंटही निळा, तरी सुरू होत नाही, तर भोकावर अंगठा दाबून किक मारा. अंगठा बाहेर ढकलला गेला नाही तर कॉम्प्रेशन कमी आहे, व्हॉल्व्ह किंवा रिंग. आणि गाडी फक्त चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते, असं असेल तर स्लो जेट अजून बुजलेलाच आहे. पुन्हा खोला.

सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं पांढरा धूर आणि सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब येतात. काळजी नको, आतली ओल आणि काल घातलेलं ऑइल जळतंय. दहा मिनिटांनंतरही निळा धूर राहिला तर मिस्त्रीला दाखवा. उभ्या उभ्या रेस देऊ नका.

बाहेर काढण्याआधी

सुरू झालेल्या गाडीला लगेच रस्त्यावर नेण्याचा मोह फार मोठा असतो, पण ब्रेक अजून बाकी आहेत.

ड्रम गंजतो आणि लायनर त्याला चिकटतो. चाक काढा, ड्रमवरचा गंज पॉलिश पेपरने घासा, लायनरची चकाकी उतरवा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसात गेला की निघत नाही. ब्रेक लावणारा कॅम ओलीने जड होतो आणि ब्रेक सोडल्यावर परत येत नाही. त्याच्या शाफ्टला थोडं ग्रीस लावा, लायनरला एक थेंबही नको. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल बदलूनच घ्या, तेही ओल शोषतं.

क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. इंजिन बंद ठेवून गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढेमागे ढकला. झटका बसून सुटतात. न सुटता इंजिन सुरू करून गिअर टाकलात तर गाडी समोरच्या माडावर जाऊन थांबेल.

केबलमध्ये ऑइल सोडा आणि तार कुठे सुटलीय का बघा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप परत आला पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनही. चेन रॉकेलच्या ब्रशने धुऊन ऑइल करा, इंजिन बंद ठेवूनच. चालू चेनवर फडकं धरणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. कड्या आखडून वाकड्या राहत असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी बाजूला भेगा असतील तर तो टायर संपला.

अंगणात दहा-दहा फुटांवर ब्रेक मारून बघा. मग सकाळच्या वेळी गावातल्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जा, परत या, गाडी गार होऊ द्या आणि प्रत्येक नट पुन्हा तपासा. खाली पुठ्ठा पसरून ठेवा, गळती लगेच कळते. पीयूसी आणि विमा पावसाळ्यात संपलेले असतात, हे इथेच बघा. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण आरटीओत करावं लागतं, आणि ते दर पाच वर्षांनी.

पुढच्या आगोटीला

मेच्या शेवटी, घराची बाकीची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं चालू असताना, गाडीला एक तास द्या. काहीजण टाकी काठोकाठ भरून ठेवतात. इथेनॉलच्या पेट्रोलात कोकणच्या हवेसाठी मला ते पटत नाही. टाकी रिकामी करा, आत शंभर मिली ऑइल फिरवा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो, आणि वाटीचा स्क्रू उघडून उरलेलंही काढा. इंजिन ऑइल तेव्हाच बदला, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल. बॅटरी काढून घरात. गाडी डबल स्टँडवर, पागोळ्यांपासून लांब, ताडपत्रीऐवजी जुन्या सुती चादरीखाली. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, कुंभारणीसाठी, आणि त्याला एक लाल चिंधी बांधून ती हँडलपर्यंत आणून ठेवा, म्हणजे सुरू करताना बोळा काढायचा राहणार नाही.